कार्ट्रिज रुसली तर! घरच्या प्रिंटरची घरच्या घरी दुरुस्ती

जून महिना उजाडला की घराघरांतले प्रिंटर कामाला लागतात. प्रवेशाचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधारकार्डाची प्रत, मुलांचे प्रकल्प, अब्बांच्या औषधांची यादी, अम्मीच्या बँकेचे कागद. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आल्या, तेव्हा ज्यांनी कधी विचारही केला नव्हता अशा अनेक कुटुंबांनी लहानसा प्रिंटर घरी आणला. पुढे शाळा सुरू झाल्या, पण प्रिंटर घरात राहिला. आता अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते, कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान बंद झालेले असते आणि नेमका त्याच वेळी प्रिंटरचा दिवा लुकलुकू लागतो. संगणकावर संदेश येतो, ‘कार्ट्रिज प्रॉब्लेम’.

पुढे काय होते, हे आम्ही शिक्षक मंडळी दरवर्षी पाहतो. कुणी घाईने नवी कार्ट्रिज विकत आणतो आणि तोच संदेश पुन्हा येतो. कुणी प्रिंटर कपाटावर टाकून देतो. कुणी तर ‘कार्ट्रिजच्या किमतीत थोडे पैसे घातले की नवीन मशीनच येते’ असा हिशोब करून दुसरा प्रिंटर घेऊन येतो. पालक नंतर आम्हाला सांगतात, “सर, शाई तर परवाच भरली होती!”

इथेच खरी मेख आहे. कार्ट्रिजचा संदेश बहुतेक वेळा शाईविषयी नसतो, तो ओळखीविषयी असतो. प्रिंटर सांगत असतो, ‘इथे कोण बसले आहे ते मला कळत नाही.’ ही ओळख पुन्हा पटवून देणे पुष्कळदा दहा-पंधरा मिनिटांचे आणि बिनपैशाचे काम असते. फक्त ते क्रमाने करावे लागते. आधी फुकटचे उपाय, मग स्वस्तातले आणि नवीन खरेदी सर्वांत शेवटी.

आत काय घडते?

आपल्याकडे घरगुती वापरात एचपी आणि कॅननचे दोन कार्ट्रिजवाले प्रिंटर खूप दिसतात. डाव्या बाजूला रंगीत, उजव्या बाजूला काळी. रंगीत कार्ट्रिजच्या पोटात तीन कप्पे असतात, निळसर, गुलाबी आणि पिवळ्या शाईचे. शाई स्पंजात भिजवून ठेवलेली असते. तळाशी केसाहूनही बारीक छिद्रांची पट्टी असते, तिला नोझल म्हणतात. पाठीवर तांब्याचे किंवा सोनेरी रंगाचे चमकते ठिपके असतात, ते विजेचे संपर्कबिंदू.

प्रत्येक छिद्राजवळ एक सूक्ष्म तापक असतो. वीज आली की तो क्षणात तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि एक थेंब कागदावर फेकला जातो. ही कल्पना १९७७ मध्ये जपानमधील कॅननच्या प्रयोगशाळेत सुचली. तापलेली सोल्डरिंगची सळई शाई भरलेल्या इंजेक्शनच्या सुईला चुकून लागली आणि सुईतून शाई उडाली, अशी तिची हकीकत सांगतात. एचपीनेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच तंत्र शोधले आणि १९८४ मध्ये ‘थिंकजेट’ हा प्रिंटर बाजारात आणला.

म्हणजे ही कार्ट्रिज नुसती शाईची डबी नाही. छपाईचे डोकेच तिच्यात बसवलेले आहे. ते संपर्कबिंदू मळले, त्यांच्यावर शाईचा डाग पडला किंवा कार्ट्रिज नीट टेकली नाही, तर प्रिंटरचा तिच्याशी संवाद तुटतो. शाई काठोकाठ भरलेली असली तरी तो ‘मला ओळखता येत नाही’ असेच म्हणतो.

एप्सनच्या यंत्रांत रचना वेगळी असते. तिथे छपाईचे डोके यंत्रातच कायमचे बसवलेले असते, शाई तापवली जात नाही आणि थेंब फेकण्याचे काम विजेने आकसणारा-फुगणारा स्फटिक करतो. त्यामुळे पुढे दिलेली कार्ट्रिज पुसण्याची पद्धत एचपी आणि कॅननच्या दोन कार्ट्रिजवाल्या यंत्रांसाठी आहे, हे लक्षात ठेवावे.

संदेश नीट वाचा

डॉक्टर आधी जीभ बघतो, मग औषध लिहितो. तसेच इथेही आधी संदेश पूर्ण वाचावा आणि शक्य तर मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. ढोबळमानाने तीन प्रकार असतात.

पहिला प्रकार शाई कमी झाल्याचा. कॅननच्या अनेक लहान यंत्रांवर ई १३ किंवा ई १६ असा आकडा दिसतो. ही तक्रार नव्हे, सूचना आहे. स्टॉपचे बटण निदान पाच सेकंद दाबून धरले की त्या कार्ट्रिजची शाई मोजणे यंत्र थांबवते आणि छपाई पुढे सुरू होते. शाई भरून घेतलेल्या कार्ट्रिजबाबत ही युक्ती नेहमी लागते, कारण शाई पुन्हा भरली गेली हे यंत्राला कळत नाही. एचपीच्या यंत्रावर असा इशारा आला तर ‘ओके’ किंवा ‘कंटिन्यू’ म्हणून पुढे जाता येते.

दुसरा प्रकार ओळख न पटल्याचा. ‘कार्ट्रिज प्रॉब्लेम’, ‘कार्ट्रिज मिसिंग’, किंवा कॅननवर ई ०४, ई ०५. घरगुती उपाय इथेच सर्वांत जास्त कामी येतात.

तिसरा प्रकार नकाराचा. ‘इनकम्पॅटिबल’, ‘प्रोटेक्टेड’ किंवा ‘नॉन-जेन्युइन’ असे शब्द असतात. इथे कार्ट्रिज ओळखली गेली आहे, पण यंत्र ती स्वीकारत नाही. याची कारणे पुढे पाहू.

दुरुस्तीचा क्रम

एक. कार्ट्रिजवरचा क्रमांक प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेतील क्रमांकाशी ताडून पाहा. बाहेरून दोन कार्ट्रिज अगदी सारख्या दिसू शकतात, पण क्रमांक जुळला नाही तर पुढचे सगळे उपाय व्यर्थ आहेत.

दोन. कार्ट्रिज नवीन असेल तर नोझलवरची पारदर्शक किंवा नारिंगी शेपटीची पट्टी पूर्ण निघाली आहे का, ते पाहा. तिचा एखादा तुकडा चिकटून राहिलेला असणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. मात्र पट्टी समजून तांब्याचे ठिपके असलेला पट्टा ओढू नका.

तीन. दोन्ही कार्ट्रिज काढून पुन्हा बसवा. काळी उजवीकडे, रंगीत डावीकडे. बसताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही म्हणजे ती पुरती टेकलेली नाही.

चार. यंत्राला एकदा विसरू द्या. प्रिंटर सुरू असतानाच मागची वीजवायर काढा, एक मिनिट थांबा आणि पुन्हा जोडा. एरवी असे कधी करू नये, पण अडकलेला संदेश पुसण्यासाठी हा उपाय कंपन्याही सुचवतात.

पाच. इतके करूनही दिवा लुकलुकत राहिला तर संपर्कबिंदू पुसा. एका वेळी एकच कार्ट्रिज बाहेर काढा. चष्मा पुसायचे कापड किंवा धागे न सुटणारा जुना मऊ सुती तुकडा घ्या. कापूस नको, त्याचे तंतू अडकून बसतात. पाणी शुद्ध हवे, डिस्टिल्ड वॉटर किंवा बाटलीतले. बोअरचे खारे पाणी सुकल्यावर क्षार मागे ठेवते. बॅटरीच्या दुकानातून पाणी आणणार असाल तर ॲसिड नव्हे, डिस्टिल्ड वॉटरच आहे याची खात्री करून घ्या. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचे द्रव यांपैकी काहीही वापरू नका.

कापड ओले करून घट्ट पिळा. कार्ट्रिज दोन्ही बाजूंनी धरून फक्त ते चमकते ठिपके हलक्या हाताने पुसा. खालच्या नोझलला बोट किंवा कापड लावू नका, नाहीतर तिथली शाई ठिपक्यांवर पसरते. मग प्रिंटर बंद करून वायर काढा आणि आत कार्ट्रिज जिथे टेकते तिथले ठिपकेही तसेच पुसा. दहा मिनिटे वाळू द्या आणि कार्ट्रिज बसवा. मात्र कार्ट्रिज अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका, नोझलवरची शाई सुकते.

सहा. दोघींपैकी दोषी कोण, ते शोधा. एचपीच्या अशा बऱ्याच यंत्रांत एक कार्ट्रिज काढून दार लावले तर उरलेल्या एकीवरही छपाई होते. काळी काढल्यावर संदेश गेला तर दोष काळीत आहे. याचा आणखी एक फायदा म्हणजे त्या रात्रीचे काम तरी अडत नाही. काळी नसेल तर रंगीत कार्ट्रिज तीन रंग मिसळून करडसर काळे छापते आणि अर्ज वाचण्याजोगा निघतो. कॅननच्या यंत्रांत मात्र दोन्ही कार्ट्रिज जागेवर असाव्या लागतात. तिथे फक्त काळी किंवा फक्त रंगीत वापरायची निवड संगणकातून करता येते.

संदेश गेला, पण अक्षरे तुटतात

काही वेळा ओळख पटते, पण कागदावर पांढऱ्या रेघा येतात किंवा कागद कोराच बाहेर पडतो. हा नोझल सुकल्याचा प्रकार.

उर्दू पानावर अशी एक रेघ फार नुकसान करते. जीम, चे, हे आणि खे या चार अक्षरांचा सांगाडा एकच आहे, फरक फक्त नुक्त्यांचा. नुक्ता छापला गेला नाही तर ‘खे’चे ‘हे’ होते आणि शब्दच बदलतो. मराठीतही अनुस्वार उडाला की ‘रंग’चा ‘रग’ आणि ‘मंद’चा ‘मद’ होतो. दोन्ही भाषा शिकवताना आम्ही पाहतो की सरावपानावर ठिपका नसतो, मूल छापले आहे तेच बरोबर वाचते आणि बोलणी मात्र त्यालाच बसतात. म्हणून मुलासाठी छापलेले पान आधी मोठ्या माणसाने एकदा नजरेखालून घालावे.

उपाय असा. संगणकातील प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये ‘क्लीनिंग’ किंवा ‘क्लीन कार्ट्रिज’ अशी सोय असते, ती एकदा वापरा. फरक पडला तर फार तर आणखी एकदा. पुन्हा पुन्हा करू नका, कारण या सफाईत शाईच वापरली जाते. ती यंत्राच्या आतल्या शोषक गादीत जाते आणि ती गादी भरली की यंत्र वेगळीच तक्रार करू लागते.

तेवढ्याने भागले नाही तर कागदी रुमालाची जाड घडी कोमट पाण्याने ओलसर करून ताटलीत ठेवा. कार्ट्रिजचे नोझल खाली करून तिच्यावर दोन मिनिटे टेकवा. संपर्कबिंदू ओले होऊ देऊ नका. उचलल्यावर रुमालावर काळा ठसा, किंवा रंगीत असेल तर तिन्ही रंगांच्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. एखादा रंग उमटला नाही तर तो कप्पा रिकामा आहे किंवा तिथली छिद्रे बंद आहेत.

आखातातून आलेली कार्ट्रिज

रत्नागिरी-रायगडकडच्या आपल्या अनेक घरांतील कुणी ना कुणी दुबई, कुवेत किंवा सौदीत असतो. सुट्टीवर येताना भाईजान कधी प्रिंटर, कधी कार्ट्रिज घेऊन येतात. इथे एक गोष्ट माहीत हवी. एचपीचे डेस्कजेट प्रिंटर विकल्या जाणाऱ्या प्रदेशानुसार वेगवेगळ्या क्रमांकाच्या कार्ट्रिज घेतात. एकाच घराण्याच्या यंत्रांसाठी अमेरिकेत ६३, युरोपात ३०२, मध्यपूर्वेत १२३ आणि भारतात ८०३ असे क्रमांक आहेत. आकार जवळजवळ सारखाच, खाचेत बसतेही, पण यंत्र ती स्वीकारत नाही. ती कार्ट्रिज बिघडलेली नसते आणि प्रिंटरही बिघडलेला नसतो. तो प्रदेशाचा अडसर असतो. म्हणून तिकडून काही मागवण्याआधी आपल्या प्रिंटरच्या मॉडेलचा आणि कार्ट्रिजच्या क्रमांकाचा फोटो पाठवावा. प्रिंटरच तिकडून आला असेल, तर त्याची कार्ट्रिज इथल्या दुकानात मिळते का, हे आधी विचारावे.

दुसरा असाच अडसर ‘प्रोटेक्टेड’ या शब्दाचा. एचपीच्या काही यंत्रांत कार्ट्रिज प्रोटेक्शन नावाची सोय असते. ती चालू असेल तर एकदा बसलेली कार्ट्रिज कायम त्याच प्रिंटरशी बांधली जाते. चाचांच्या घरची अर्धी भरलेली कार्ट्रिज आपल्या प्रिंटरमध्ये चालत नाही, ती यामुळे. ही सोय बंद करता येते, पण आधीच बांधली गेलेली कार्ट्रिज पुन्हा मोकळी होत नाही.

भरलेली शाई आणि कंपनीचे कुलूप

मूळ कार्ट्रिज महाग पडते म्हणून अनेक घरांत शाई भरून घेतात किंवा दुसऱ्या उत्पादकाची कार्ट्रिज आणतात. त्यात गैर काही नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, भरून घ्यायचीच असेल तर कार्ट्रिज ठणठणीत कोरडी होईपर्यंत थांबू नका. तापकाला थंड ठेवण्याचे काम शाईच करते. शाई नसताना छापत राहिले तर तो तापक जळतो आणि मग कितीही शाई भरली तरी ती कार्ट्रिज जिवंत होत नाही. छपाई फिकी होऊ लागली की लगेच भरून घ्यावी.

दुसरी गोष्ट कुलपाची. प्रिंटरच्या आतल्या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात आणि कंपनी इंटरनेटवरून ते बदलू शकते. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या ऑफिसजेट मालिकेतील अनेक प्रिंटरांनी, तोवर चालत असलेल्या इतर उत्पादकांच्या कार्ट्रिज अचानक नाकारल्या. ग्राहकांनी मोठा आरडाओरडा केल्यावर कंपनीने तो अडसर काढणारे फर्मवेअर उपलब्ध करून दिले. पण पुढच्या मॉडेलांत हा प्रकार थांबला नाही. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ग्राहकांना या निर्बंधांची पुरेशी माहिती न दिल्याबद्दल एचपीला एक कोटी युरोंचा दंड केला. कंपनीचे म्हणणे असे की हे यंत्राच्या सुरक्षिततेसाठी आणि छपाईच्या दर्जासाठी आहे. ग्राहकाचे म्हणणे असे की यंत्र माझ्या पैशाचे आहे, त्यात शाई कुणाची घालावी हे मी ठरवीन. आम्हाला वाटते की विकत घेतानाच ही अट ठळक अक्षरांत सांगितली गेली, तर निम्मे भांडण मिटेल. म्हणून खरेदी करताना दुकानदाराला सरळ विचारा, ‘यात बाहेरची कार्ट्रिज चालते का? अपडेटनंतरही चालेल का?’ आपण बाहेरची शाई वापरत असाल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आपोआप अपडेट होण्याची सोय बंद ठेवता येते का, हेही पाहून घ्यावे.

कुठे थांबावे?

दुरुस्तीलाही मर्यादा असते. संपर्कबिंदू दोनदा नीट पुसूनही तोच संदेश येत असेल आणि शेजारच्याच मॉडेलच्या प्रिंटरमध्येही ती कार्ट्रिज ओळखली जात नसेल, तर तिच्यातील विजेचा भाग गेला आहे, असे समजावे. मग तिच्यावर आणखी शाई आणि संध्याकाळी वाया घालवू नयेत. ती मुदतीतील मूळ कार्ट्रिज असेल तर बिल घेऊन दुकानदाराकडे जावे. याउलट, चांगली चालणारी दुसरी कार्ट्रिजही आपल्या यंत्रात नाकारली जात असेल तर दोष यंत्रात आहे. अशा वेळी नवीन कार्ट्रिज घेऊन उपयोग नाही.

महिन्याला भरपूर पाने छापणाऱ्या घरांनी, शिकवण्या घेणाऱ्या आपांनी किंवा घरून लहानसा व्यवसाय करणाऱ्यांनी पुढचा प्रिंटर घेताना शाईच्या टाकीवाल्या यंत्राचा विचार करावा. ते सुरुवातीला महाग असते, पण बाटलीतली शाई पानामागे खूप स्वस्त पडते. महिन्याला चार-सहाच पाने छापणाऱ्या घराने मात्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा हिशोब आधी मांडून पाहावा.

रुसू नये म्हणून

प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. बटण दाबले की कार्ट्रिज कडेला जाऊन रबराच्या टोपीवर बसते आणि नोझल झाकले जाते. भिंतीवरचा स्विच आधी बंद केला तर ती वाटेतच उघडी राहते आणि सुकते. वीज गेली असेल तर ती आल्यावर प्रिंटर एकदा सुरू करून बटणाने बंद करावा.

आठवड्यातून एकदा सर्व रंग असलेले एखादे छोटे चित्र छापा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाण्याआधी आणि आल्यावर तर नक्कीच. प्रिंटर खिडकीच्या उन्हात किंवा स्वयंपाकघराच्या वाफेजवळ ठेवू नका.

खरोखर मेलेली कार्ट्रिज ओल्या कचऱ्यात टाकू नका. केंद्र सरकारच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटर कार्ट्रिजसह धरलेला आहे. म्हणून ती ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावी. शाई भरणारे काही दुकानदारही रिकाम्या कार्ट्रिज घेतात.

आणि एक छोटे काम घरातल्या आठवी-नववीच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवा. एका चिठ्ठीवर प्रिंटरचे मॉडेल, दोन्ही कार्ट्रिजचे क्रमांक, त्या शेवटच्या कधी बदलल्या ती तारीख आणि संपर्कबिंदू पुसण्याची रीत चार ओळींत लिहायला सांगा. ती चिठ्ठी प्रिंटरच्या झाकणाला आतून चिकटवा. अर्जाची तारीख उद्यावर आलेली असताना घरात कुणीही असो, अम्मी, दादी किंवा धाकटा, त्याला ते झाकण उघडून पुढचे काम करता येईल.